डबल ट्रॉलीखालचा रस्ता: झिजेचा खर्च कुणाच्या खात्यावर?

अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातले घोडेगाव ज्यांनी पाहिले आहे त्यांना तिथल्या रस्त्यावर किती तऱ्हेची वाहने एकत्र येतात हे सांगायला नको. नगर–छत्रपती संभाजीनगर महामार्ग गावातून जातो. शनिशिंगणापूरचा फाटा इथेच. जनावरांचा बाजार मोठा, त्यात म्हशींचा विशेष. बाजार समितीच्या उपबाजारात कांद्याचे लिलाव होतात आणि गोण्या भरलेले ट्रक परराज्यांत जातात. एका बाजूला सोनईचा मुळा आणि दुसऱ्या बाजूला भेंड्याचा ज्ञानेश्वर, असे दोन सहकारी साखर कारखाने जवळच. त्यामुळे गाळप सुरू झाले की भाविकांच्या मोटारी, कांद्याचे ट्रक, महामार्गावरचे चौदा-अठरा चाकी आणि उसाच्या डबल ट्रॉल्या हे सगळे एकाच डांबरावरून धावतात.

रस्ता कुणी खराब केला असे विचारले, तर कोणीही सांगेल की अवजड वाहनांनी. उत्तर बरोबर आहे, पण अर्धे आहे. किती वाहनांनी, किती रुपयांचा, आणि मुख्य म्हणजे कोणत्या रस्त्याचा, हे त्यातून कळत नाही. हा प्रश्न आता पैशांत विचारायला हवा, कारण दुसऱ्या बाजूची किंमत पैशांत ठरू लागली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, तर जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. खड्ड्यात पडणाऱ्याचा दर ठरला, पण खड्डा पाडणाऱ्या चाकाचा दर अजून कुणी काढलेला नाही.

तो काढण्याचे शास्त्र मात्र साठ वर्षांहून जुने आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात एक प्रचंड चाचणी झाली. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर वेगवेगळ्या जाडीचे शेकडो तुकडे तयार केले गेले आणि लष्कराच्या चालकांनी दोन वर्षे त्यांवरून ट्रक फिरवले. प्रत्येक मार्गिकेवर ठरावीकच भाराचे ट्रक. शेवटी प्रत्येक मार्गिकेवरून सुमारे ११ लाख वेळा आस गेले होते आणि खर्च पावणेतीन कोटी डॉलरच्या घरात गेला होता. आस म्हणजे आपण ज्याला ॲक्सल म्हणतो तो. या चाचणीतली एक गोष्ट मला फार आवडते. रस्ता किती चांगला हे ठरवण्यासाठी आधी माणसांच्या एका गटाला गाडीतून फिरवून शून्य ते पाच असे गुण द्यायला सांगितले आणि नंतर उपकरणांची मापे त्या गुणांशी जुळवली. आपल्या कंबरेला जे कळते त्यालाच त्यांनी आधी प्रमाण मानले.

त्या चाचणीतून निघालेला नियम असा: रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज दुप्पट नाही, सोळापट. इथे वाहनाचे एकूण वजन फारसे महत्त्वाचे नाही. एका आसावर किती येते ते महत्त्वाचे. हिशेबासाठी दोन्ही बाजूंना जोडचाके असलेला ८.१६ टनांचा आस हे माप धरतात. त्याला प्रमाण आस म्हणू. भारतात इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकाही याच मापाने रस्त्याची जाडी ठरवतात. अमुक रस्ता इतके लाख प्रमाण आस सोसेल, अशी त्याच्या आयुष्याची नोंद असते. रस्त्याचे वय वर्षांत मोजणे हा आपला भाबडेपणा. अभियंता ते फेऱ्यांत मोजतो.

आता आकडे घालून पाहू. सव्वा टनाच्या मोटारीच्या एका आसावर सहाशे किलोच्या आसपास भार येतो. असे सुमारे ३४ हजार आस गेले की एका प्रमाण आसाइतकी झीज होते. म्हणजे शिंगणापूरच्या वाटेवर मोटारींची कितीही रांग लागली, तरी झिजेच्या खात्यात ती जवळपास शून्य. कोंडीच्या, धुराच्या आणि अपघातांच्या खात्यात अर्थातच नाही.

ट्रकचे वेगळे. ट्रकच्या मागच्या चारचाकी आसाला पूर्वी १०.२ टनांची मर्यादा होती. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ती ११.५ टन केली. वाहतूकदारांची मागणी जुनी होती, आणि ट्रक पूर्वीपेक्षा दणकट झाले हेही खरे. भारातली वाढ जेमतेम १३ टक्के. चौथ्या घाताच्या हिशेबाने मात्र १०.२ टनांचा आस म्हणजे २.४४ प्रमाण आस आणि ११.५ टनांचा आस म्हणजे ३.९४. झिजेत वाढ ६२ टक्के. एका अधिसूचनेने देशातल्या सगळ्या जुन्या रस्त्यांचे उरलेले आयुष्य कमी झाले, आणि त्यासाठी कायद्याच्या आतच राहणारा ट्रक पुरेसा होता. ट्रक दणकट झाले म्हणून त्यांच्याखालचा रस्ता दणकट होत नाही, ही साधी गोष्ट त्या वेळच्या चर्चेत फारशी दिसली नाही.

जादा भाराच्या समर्थनार्थ नेहमी एक युक्तिवाद होतो, आणि तो ऐकायला पटतो. एका फेरीत जास्त माल नेला तर फेऱ्या कमी होतात, मग रस्त्याचे नुकसान कसे? करून पाहू. समजा, दोन आसांचा ट्रक कायदेशीर भारात ११.५ टन माल नेतो आणि त्याच्या मागच्या आसावर ११.५ टन येतात. तोच ट्रक १६ टन माल भरून निघाला की मागच्या आसावर १५ टन येतात. हजार टन माल हलवायला पहिल्या पद्धतीने ८७ फेऱ्या, दुसऱ्या पद्धतीने ६३. फेऱ्या चोवीसने वाचल्या. पण १५ टनांचा एक आस म्हणजे ११.४ प्रमाण आस. पहिल्या पद्धतीत मागच्या आसांची झीज ३४३, दुसऱ्या पद्धतीत ७१८. माल तेवढाच, फेऱ्या कमी, आणि झीज दुपटीहून अधिक.

इथपर्यंतची गोष्ट महामार्गाची झाली. पण घोडेगावच्या परिसरातली खरी झीज महामार्गावर होतच नाही, ती होते आतल्या रस्त्यांवर. फडातून निघालेला ऊस पाणंद ओलांडून ग्रामरस्त्यावर, तिथून जिल्हा मार्गावर आणि मग कारखान्याच्या गेटवर जातो. हे आतले रस्ते प्रधानमंत्री किंवा मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतले, नाहीतर जिल्हा परिषदेचे. त्यांची रचना दुचाकी, एसटी, दुधाचा टेम्पो आणि एखाद-दुसरा ट्रक धरून केलेली असते. महामार्गाचा थर कोट्यवधी प्रमाण आसांसाठी बांधतात. असा रस्ता फार तर दहा-वीस लाखांसाठी.

त्यात डबल ट्रॉलीची एक खोड आहे. पुष्कळ ट्रॉल्यांच्या आसाला दोन्ही बाजूंना एकेकच चाक असते. जोडचाके असली की भार जास्त जागेवर पसरतो. एकेरी चाकाखाली तो एका जागी टोचतो. म्हणून एकेरी चाकांच्या आसासाठी प्रमाण भार ८.१६ टन नव्हे, तर ६.६ टनच धरला जातो. जुन्या लोखंडी धावेच्या बैलगाड्या खडीच्या रस्त्यात चाकोऱ्या पाडायच्या, त्यामागचे कारण याच जातीचे होते. वजन थोडे, पण धाव अरुंद.

समजा, दोन ट्रॉल्या आहेत, प्रत्येकीला दोन आस. एका आसावर ६ टन आले, तर चार आसांची मिळून झीज २.७ प्रमाण आस होते. वरून आणखी मोळ्या रचल्या आणि आसावर ८ टन आले की तीच ८.५ होते. भार एक तृतीयांशाने वाढला, झीज तिपटीहून जास्त. ट्रॅक्टरची स्वतःची चाके मी यात धरलेलीच नाहीत.

आता रुपये. पुढचे दर हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेले गोल आकडे आहेत. आपापल्या तालुक्यातल्या निविदांचे दर घालून कोणीही ते बदलून पाहावेत. ग्रामरस्त्याच्या एका किलोमीटरच्या मजबुतीकरणाला ५० लाख रुपये लागतात आणि तो १० लाख प्रमाण आस सोसतो असे धरले, तर एका प्रमाण आसाची किंमत किलोमीटरमागे ५ रुपये. महामार्गाच्या एका बाजूला किलोमीटरमागे २ कोटी लागतात आणि तो ५ कोटी प्रमाण आस सोसतो असे धरले, तर किंमत ४० पैसे. तेच चाक, तोच भार, आणि गावच्या रस्त्यावर झिजेची किंमत बारापट! जाड रस्ता बांधायला महाग पडतो, पण त्याची सोसण्याची ताकद खर्चापेक्षा कितीतरी वेगाने वाढते. पातळ रस्ता स्वस्तात होतो आणि महागात झिजतो.

डबल ट्रॉली गावच्या रस्त्यावरून ८ किलोमीटर गेली, तर बेताच्या भाराने सुमारे १०७ रुपयांचा रस्ता झिजतो, जादा भाराने ३३९ रुपयांचा. पहिल्या फेरीत १९ टन ऊस आणि दुसरीत २७ टन धरला, तर टनामागे पहिल्यात साडेपाच-पावणेसहा रुपये, दुसऱ्यात साडेबारा. एका हंगामात दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचा सगळा ऊस असा आला असे मानले, तर फरक सत्तर लाखांच्या आसपास जातो. म्हणजे दरवर्षी जवळजवळ दीड किलोमीटर रस्ता केवळ जादा मोळ्यांपायी संपतो. हा आकडा डोळे पांढरे करणारा नाही. पण ज्या जिल्ह्यात कारखान्यांची संख्या दोन अंकी आहे आणि जिल्हा परिषदेचे बांधकाम खाते निधीसाठी मार्चअखेरची वाट पाहत असते, तिथे तो लहानही नाही.

वर आपण रस्ता कोरडा आणि धडधाकट धरला आहे. नेवाशाची जमीन तशी वागत नाही. काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि ओली असताना तिची भार पेलण्याची ताकद अगदी थोडी उरते. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याने या भागात ऊस आणला, तसा रस्त्याखालच्या मातीत ओलावाही आणला. पाटचाऱ्या रस्त्याला लागून जातात, बाजूचे गटार बुजवून शेत रस्त्यापर्यंत येते, आणि पाण्याला जायला जागा राहत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर १ नोव्हेंबरला गाळप सुरू झाले. जमिनीत ओल असताना सर्वांत जड भार रस्त्यावर उतरला. अशा वेळी चौथा घातही अपुरा पडतो. नियम सांगतो हळूहळू होणाऱ्या झिजेबद्दल; मऊ मातीवरचा पातळ थर मात्र दोन-चार जड फेऱ्यांतच खचू शकतो. उलट चांगल्या जाड रस्त्यावर घात चारपेक्षा कमी-अधिक येतो असे नंतरच्या अभ्यासांत दिसले आहे. ओटावाची माती वेगळी, थंडी वेगळी. म्हणून वरचे आकडे म्हणजे काट्यावरचे वजन नव्हे, अंदाज आहे. पण झिजेची किंमत गावच्या रस्त्यावर कितीतरी जास्त असते, हा त्याचा कल कोणताही घात घेतला तरी बदलत नाही.

आरोग्याच्या सदरात हा विषय का, असे कुणाला वाटेल. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांपैकी १ हजार ८५६ मृत्यू खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत. पोलिसांच्या नोंदीत ‘खड्डा’ हे कारण लिहिले जाणे अवघडच असते. खड्डा चुकवताना समोरच्या वाहनावर गेलेला दुचाकीस्वार बहुधा ‘अतिवेग’ या रकान्यात जातो. त्यामुळे हा आकडा कमीच असावा असे मला वाटते. शिवाय न मरणाऱ्यांचे काय? ट्रॅक्टरचालकांमध्ये कंबरदुखीचे प्रमाण जास्त असते हे अनेक देशांत आढळले आहे, आणि खराब रस्त्यावर तासन्‌तास बसणाऱ्या हादऱ्यांचा त्यात मोठा वाटा आहे. बाळंतपणासाठी निघालेली बाई, हाड मोडलेला म्हातारा, यांना खड्ड्यांतून रुग्णालयात नेताना जो उशीर होतो, तो कुठल्याच हिशेबात येत नाही. जागतिक बँकेने १९८८ मध्ये विकसनशील देशांच्या रस्त्यांबद्दल एक अहवाल काढला होता. देखभालीवरचा एक डॉलर वाचवला की वाहनधारकांचा खर्च दोन-तीन डॉलरने वाढतो, असे त्यात म्हटले होते. त्या खर्चात टायर, इंधन, दुरुस्ती होती; कंबर नव्हती.

मग या झिजेचे पैसे कुठून येतात? डिझेलवरच्या उपकरातून काही. ट्रक मोटारीच्या चार-पाचपट इंधन जाळतो, म्हणून चार-पाचपट देतो. टोलचेही तसेच. २००८ च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांत मूळ दर मोटारीला किलोमीटरमागे ६५ पैसे, दोन आसांच्या ट्रकला २ रुपये २० पैसे आणि चार ते सहा आसांच्या वाहनाला ३ रुपये ४५ पैसे असे होते. मोटारीच्या साडेतीनपट देणारा ट्रक झीज हजारो पटींनी करतो, हे तर दिसतेच. पुलांचा, रुंदीचा, भराव्याचा खर्च मोटारींसाठीही होतो, म्हणून झिजेच्याच प्रमाणात टोल असावा असे कोणी म्हणणार नाही. खटकते ते वेगळेच. आस वाढले की टोल वाढतो. तेवढाच माल दोनऐवजी तीन-चार आसांवर वाटून नेणारा रस्त्यावर उपकार करतो आणि जादा पैसे भरतो. न्यूझीलंडमध्ये १९७८ पासून अंतर, वजन आणि आसांची संख्या पाहून शुल्क घेतात. त्याच वजनाला आस जास्त असतील तर दर कमी पडतो. स्वित्झर्लंडने २००१ पासून अवजड वाहनांना वजन आणि अंतर यांच्या गुणाकारावर कर लावला.

दंडाचे म्हणाल, तर २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने जादा भाराला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार असा दंड ठेवला. आपल्या उदाहरणातल्या साडेचार टन जादा भरलेल्या ट्रकला तो २८ हजारांच्या आसपास पडेल. तीनशे किलोमीटर महामार्गावर त्याने कायदेशीर ट्रकपेक्षा जादा केलेली झीज आपल्या गोल आकड्यांनी नऊशे रुपयांची. म्हणजे तीस फेऱ्यांत तो एकदा जरी सापडला, तरी महामार्गाचे नुकसान भरून निघते. दंड कमी आहे अशी ओरड खरी नाही. गोम अशी की तपासणी होते ती जाड रस्त्यावर, जिथे झीज सर्वांत स्वस्त. गाव ते गेट या वाटेवर काटा नसतो आणि पथकही नसते.

वळवलेल्या वाहतुकीचे हेच. नगर–मनमाड महामार्गाच्या कामासाठी अवजड वाहने वळवण्याचे आदेश निघतात, तेव्हा शेंडी बायपासवरून नेवाशाकडे जाणारा, म्हणजे घोडेगावचा, रस्ता हा त्यातला एक पर्याय असतो. आदेशात मार्ग लिहिलेला असतो, तारखा असतात. त्या काळात पर्यायी रस्त्याचे किती लाख प्रमाण आसांचे आयुष्य खर्ची पडेल आणि ते कोणाच्या निधीतून भरायचे, याची ओळ मात्र नसते. ती लिहिणे अवघड नाही. वाहनांची मोजणी करून दोन तासांचे गणित आहे.

उसाच्या बाबतीत तर मोजणीचीही गरज नाही. या वाहतुकीइतकी काटेकोर नोंद दुसऱ्या कुठल्याच मालाची नसेल. प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर भरलेली मोजली जाते, रिकामी मोजली जाते, पावती निघते. गाव, गट, अंतर, वाहनाचा प्रकार हे सगळे संगणकात असते, कारण त्यावरच तोडणी-वाहतुकीची बिले निघतात. भरलेल्या वजनाला आसांच्या संख्येने भागा, चौथा घात करा, अंतराने गुणा. तालुक्यातल्या कोणत्या रस्त्याने कोणत्या महिन्यात किती झीज सोसली हे हंगाम संपायच्या आत कळेल. जिल्हा परिषदेने ही माहिती मागावी आणि कारखान्यांनी नावे वगळून द्यावी, एवढीच गोष्ट. मग उन्हाळ्यात डांबर कुठे टाकायचे, हे पुढाऱ्याच्या गावावरून नव्हे तर भारावरून ठरवता येईल.

पुढचा पेच मात्र खरा आहे. वाहतूकदाराला पैसे टनावर मिळतात, म्हणून तो ट्रॉली भरतो. उद्या भार बेताचा केला तर फेऱ्या वाढतील आणि टनामागचा वाहतूक खर्चही वाढेल. आपल्या राज्यात तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतून कापून उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात जमा होते. म्हणजे रस्ता वाचवण्याचे बिल आधी ऊस उत्पादकाच्या पावतीवर उमटेल, आणि आज तो त्याच रस्त्यावरून दूध डेअरीला घालताना आपटून-आपटून ते बिल निराळ्या तऱ्हेने भरतो आहे. ट्रॉलीला जोडचाके किंवा तिसरा आस बसवायला कारखान्याने उचल दिली, तर तोच माल कमी झिजेत येऊ शकतो आणि फेऱ्याही वाढत नाहीत. त्याच्या जोडीला गेटकेन उसाला, म्हणजे लांबून येणाऱ्या उसाला, ट्रॅक्टरऐवजी जास्त आसांचे ट्रक लावायचे, एवढे करून पाहायला नवा कायदा लागत नाही; पुढच्या हंगामाचे वाहतूक करार होण्याआधी एक बैठक लागते.